नवसाचं चित्र

६ मे १८७४, कामोली

पत्र आलं! एरास्मोचं, मोंटेव्हिडिओहून. टपालवाल्याच्या हातातून मी ते हिसकावलंच — बिचारा म्हणाला, "कप्तान, माझी बोटं तरी सोडा!"

पोरगा सुखरूप आहे. 'कोन्स्तान्त्सा' जहाजावर अठरा माणसं, अठराही सुखरूप. केप हॉर्नला तीन दिवस वादळात सापडले. पुढची डोलकाठी मोडली, सुकाणू गेलं. शेवटी लिहितो — 'तिसऱ्या दिवशी आपल्या बोस्केत्तोच्या देवळातल्या मारियामातेला नवस बोललो आणि वारा पडला. घरी पोचलो की आधी तो फेडीन.'

तेक्लाने मला पत्र चारदा वाचायला लावलं. रडली, मग म्हणाली, "बारीक झाला असेल हो." बायकोचं आपलं काहीतरीच! मीही रडलो. इथे लिहायला काय हरकत आहे.

७ मे

नवसाला उशीर कशाला? आमच्या गावात नवस म्हणजे चित्र. खाली वादळ, मध्ये जहाज, वर ढगात माता. देवळाच्या भिंती भरून गेल्यात. एरास्मो येईपर्यंत मीच काढून घेतो. दोन जुलैच्या उत्सवाला टांगलं गेलंच पाहिजे! जेनोवाच्या एका चित्रकाराला निरोप धाडला.

१९ मे

रेक्कोच्या किनाऱ्यावर जाऊन आलो. तिथे बांधत असलेल्या माझ्या नव्या जहाजाच्या सगळ्या फळ्या बसल्या. माझ्या सगळ्या जहाजांत हे मोठं. ताज्या डांबराचा वास मला उपाशीपोटीही गोड लागतो. वीस जुलैला पाण्यात उतरवायचं आणि एरास्मोच्या हाती द्यायचं. त्याच्यासाठीच तर बांधलंय! कप्तानाच्या खोलीचं छत वीतभर उंच करून घेतलं, म्हणजे पोराला वाकावं लागणार नाही.

नाव 'तेक्ला'. ती म्हणते, "माझं नाव पाण्यात घालू नका. उद्या काही झालं तर गावभर म्हणतील, तेक्ला बुडाली."

परतताना शेजारचा प्रोस्पेरो भेटला. त्याने आगबोटीत हात घातलाय. "आगोस्तीनो, शिडांचे दिवस भरले!"

म्हटलं, "वारा फुकट मिळतो. कोळसा काय तुझा सासरा पाठवतो?"

हसला. चिडला नाही, म्हणजे धंदा खरंच बरा चाललाय त्याचा.

२ जून

चित्रकार आला. हा गृहस्थ जन्मात होडीत बसलेला नाही! लाटा काढल्यात त्या उशांसारख्या, आणि सगळी शिडं फुगलेली. वादळात? तर म्हणतो, "मालक, शिडांशिवाय जहाज उघडंबोडकं दिसतं."

मी शेजारी बसून एकेक शीड उतरवून घेतलं. एक राहू दिलं, त्याचं मन मोडायला नको म्हणून. माणसं दाण्याएवढी आली आहेत, तरी एकाला एरास्मोसारखं नाक काढायला लावलं.

१४ जून

पहिले अंजीर. तीन खाल्ले. वैद्याने नको म्हटलंय, पण तेक्लाने पाहिलं नाही.

२ जुलै

टांगलं! खाली सोनेरी अक्षरांत — 'कप्तान एरास्मो मोर्तोला. नवस बोलला, कृपा झाली.' पाद्रीबाबांनी खिडकीजवळची उजेडाची जागा दिली. प्रोस्पेरोसुद्धा टोपी काढून उभा राहिला, म्हणाला, "लाटा जरा मऊ आहेत." म्हणू दे.

त्रेसष्ट वर्षांच्या माणसाने याहून जास्त काय मागावं? मला तर काही सुचत नाही.

८ जुलै

आला! जेनोवाच्या धक्क्यावर मी त्याला आधी ओळखलंच नाही. तिसाव्या वर्षी दाढी पांढरी. आई बघताच म्हणाली, "सांगितलं नव्हतं, बारीक झाला असेल?" तिने पालेभाजी भरलेल्या पान्सोती अक्रोडाच्या चटणीत केल्या होत्या. पोराने तीन ताटल्या संपवल्या.

मग हाताला धरून त्याला देवळात नेलं. चित्राकडे तो बराच वेळ बघत राहिला.

"हे कशासाठी, बाबा?"

"कशासाठी काय? तुझा नवस फेडला!"

टोपी घातली आणि बाहेर निघाला. दमला असेल.

९ जुलै

नवस चित्राचा नव्हता.

सकाळी कॉफी पिताना त्याने सांगितलं. "बाबा, मी चित्र कबूल केलंच नव्हतं. मी म्हटलं, माते, या सगळ्यांना घरी पोचव. मी पुन्हा कधी जहाजावर पाय ठेवणार नाही."

आधी मी हसलो. मग ओरडलो. "नवस म्हणजे चित्र! वादळात माणूस वाटेल ते बोलतो. सगळेच बोलतात! चित्र देतात आणि पुन्हा निघतात. मातेलाही ते ठाऊक आहे!"

"तिला असेल ठाऊक. पण मी काय बोललो, ते मलाही ठाऊक आहे ना."

"आणि नवं जहाज? ते कोण नेणार?"

"फोर्तुनातोला द्या. माझा दुय्यम आहे, पण सुकाणू गेल्यावर त्यानेच जहाज सावरलं."

"आणि तू?"

"वर डोंगरात, रूताच्या उतारावर ऑलिव्ह लावीन."

ऑलिव्ह! मोर्तोलांच्या घरात माळी! तेक्ला ताटल्या पुसत होती. मागे न वळता म्हणाली, "पोरगा जिता घरी आलाय. आता झाडं लावो नाहीतर दगड फोडो."

दार आपटून निघालो. भर उन्हात धक्क्यावर बसून राहिलो. सगळं आयुष्य ज्याच्यासाठी बांधत आलो, त्यालाच ते नको! फार लागलं मनाला.

११ जुलै

घरात अबोला. भरलेल्या मासळीची भजी मात्र छान झाली होती. स्तुती करता आली नाही.

१२ जुलै

रेक्कोला गेलो. सुतार विचारतो, "धाकटे कप्तान कधी येणार जहाज बघायला?" म्हटलं, येईल. खोटं बोललो.

१३ जुलै

फोर्तुनातोला बोलावून घेतलं. जहाज तो नेईल. एरास्मोने कारण विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. इथे लिहितो.

देवळात दारामागे एक जुनं चित्र आहे, मेणबत्त्यांच्या धुराने काळं पडलेलं. खाली लिहिलंय — काळा समुद्र, १८३९. ते माझं. त्या वादळात मीही अगदी हेच बोललो होतो — पुन्हा कधी जहाजावर पाय ठेवणार नाही. घरी आलो, चित्र दिलं आणि चार महिन्यांत निघालो. तेक्लालाही कधी बोललो नाही.

माझं म्हणून जे काही आहे, ते सगळं तो शब्द मोडल्यानंतरचं.