दातांच्या मागून

सोमवार, ३
स्वस्ति श्री सकलविनंतिपरीक्षक, प्रतिसादसंग्राहक, उपनेत्रद्वयधारी, स्वगृही पत्नीवचनपालक अशी आमची स्वारी आज नव्या कचेरीत दाखल झाली. खुर्ची फिरती, चहा सुसह्य. रुग्णांनी मुखाची छायाचित्रे दंतवैद्याकडे धाडावीत, असे येथले ॲप. फोन आणि सर्व्हर यांच्यामध्ये ‘प्रॉक्सी’ नामक द्वारपाल बसवून जाणारी प्रत्येक विनंती व येणारे प्रत्येक उत्तर फायलीत जतन करणे, हे आमचे कर्तव्य. उत्तर न मिळाल्यास ॲप तीच विनंती पुन्हा धाडते, हेही टिपून घेतले. मुख्य बाई म्हणाल्या, काका, सगळं साठवा, काही गाळू नका.

मंगळवार, ४
एकशे बारा मुखांचे दर्शन घडले. पिवळी पुटे, पू धरलेल्या हिरड्या, फटीत कुजलेला घास. डबा न उघडताच परत नेला. सौभाग्यवती म्हणाली, दात लोकांचे किडलेत, उपास माझ्या भाजीला का?

बुधवार, ५
कचेरीचा चाचणीचा फोन कपाटात बंद असताना त्याच्याच नावे एक विनंती आली. चित्रात दात मागून दिसतात. पुढ्यात जिभेचे बुळबुळीत मूळ. दातांपलीकडे, उजेडात, आमच्या कचेरीचा चमचा. खालच्या डाव्या दाढेवर सुवर्णटोपी. ती आमचीच.
सर्व्हरचे उत्तरही जतन झाले आहे: ‘ठीक. आणखी खाली.’

गुरुवार, ६
घशात काहीतरी केसाळ सरकते. बाईंना चित्र दाखवले. त्या म्हणाल्या, कुणीतरी तुमची गंमत करतंय; पण काका, जरा लांबून बोला, वास येतोय.
द्वारपालास आज्ञा दिली: सर्व्हरचे उत्तर अडव. आदेशच न पोचल्यास ते खाली जाणार कसे? स्वबुद्धीचे कौतुक वाटले.

शुक्रवार, ७
चुकलो. उत्तर न मिळाल्यास विनंती पुन्हा धाडावी, हा ॲपचा नियम मीच सोमवारी टिपून घेतला होता. ते विचारायला वर येते. दर मिनिटाला. जिभेवर कोमट, शेवाळलेले —
उत्तर सोडले तर खाली. अडवले तर —

शनिवार, ८
नवे चित्र. माझा चेहरा. ओठांवरून, खालून वर टिपलेला. सोबत मजकूर: ‘बाहेर येऊ की आतच राहू?’
उत्तर आले आहे. अडवून धरले आहे. वाचलेले नाही.
जतन करण्याच्या डिस्कमध्ये चार फायलींपुरती जागा उरली. ती भरली की द्वारपाल बंद पडतो, उत्तर थेट पोचते. मोठ्या डिस्कसाठी अर्ज नेला. भांडारप्रमुख म्हणाले, यावर लाळ सांडलीय, कोरा आणा. कोरे अर्ज संपलेत. छापावे तर प्रिंटरमध्ये शाई —