जाकिटातले तीन किलो चारशे

दिनांक ११ नोव्हेंबर, मंगळवार.

सकाळी नऊला दुकान उघडले. बेकरीचा एक काटा शून्यावर येत नव्हता, तो दुरुस्त करून दिला. अकरा वाजता धाकटी, म्हणजे माझ्या पत्नीची लहान बहीण, येऊन गेली. ती गेल्यावर चहा केला. दुकानाचे दार लोटून घेतले, मागच्या खोलीत बसलो आणि हे लिहायला घेतले. चहा प्यायचा राहिला आहे.

दुकानाच्या पाटीवर ज्याचे नाव आहे तो मी, वय अडुसष्ट, धंदा वजनकाटे दुरुस्ती, हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. अक्षर हलते आहे ते भीतीमुळे, आजारामुळे नाही. मला हे लिहायला कोणी सांगितलेले नाही आणि मी काय लिहितो आहे हे कोणाला माहीत नाही. यापूर्वी मी सही-साक्षीचा असा कागद केलेला नाही. माझी पत्नी चौदा महिन्यांपूर्वी वारली. आम्हाला एक मुलगी आहे, ती परगावी असते.

कलम १. वरच्या दोन खोल्या आणि खालचे दुकान माझ्यामागे मुलीला मिळावे. तिने राहावे, विकावे, भाड्याने द्यावे, माझी हरकत नाही. मोरीतला नळ उलट्या बाजूला फिरवल्यावर बंद होतो, हे नवीन येणाऱ्याला आवर्जून सांगावे.

कलम २. बँकेत जे असेल ते मुलीचेच. याबद्दल जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम ३. सागवानी पेटीतली पितळी प्रमाण वजने तंत्रशाळेला द्यावीत. चिमट्यानेच उचलावीत, हाताच्या घामाने त्यांचे वजन बदलते. ड्रिल मशीन शेजारच्या चावीवाल्याच्या मुलीला द्यावे. ती बापापेक्षा नीट काम करते.

टेबलाखालच्या डब्यात शिसे आहे. ते कशासाठी, हे सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे. लोखंडी वजनाच्या पोटात एक भोक असते. वजन झिजून कमी भरू लागले की त्यात शिसे ओतून ते पुरे करतात. हे काम मी पंचेचाळीस वर्षे केले.

कलम ४. माझ्या मोठ्या भावाला काहीही देऊ नये. दुरुस्तीत राम नाही म्हणून तो भागीदारी मोडून गेला आणि जाताना माझी चांगली कानस घेऊन गेला. ती त्याच्याकडेच राहू द्यावी.

बाजारातल्या घाऊक धान्यवाल्याशी मी अकरा वर्षे बोललेलो नाही. त्याने मला काटा किलोमागे पन्नास ग्रॅम पुढे ठेवून मागितला होता. मी चार लोकांसमोर त्याला दुकानातून बाहेर काढले. तो हयात असला तर माझ्या मुलीने त्याला भेटावे आणि मी दिलगीर असल्याचे सांगावे. त्याने पन्नासच ग्रॅम मागितले होते.

कलम ५. माझ्या पत्नीचे जांभळे, कापूस भरलेले, बिनबाह्यांचे जाकीट. हे माझ्यानंतर धाकटीला द्यावे असे मी मागच्या महिन्यात एका कागदावर लिहिले होते. तो कागद फाडला. का फाडला ते लिहितो.

माझी पत्नी एका हॉटेलात तीस वर्षे टेलिफोन ऑपरेटर होती. आधी तिचा आवाज बसला, मग कोरडा घास छातीत अडकू लागला. अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथे कॅन्सर निघाला. ऑपरेशन होण्यासारखे नव्हते. नेहमीची औषधे सात महिने लागू पडली, मग थांबली. तेव्हा डॉक्टरांनी नव्या औषधाच्या चाचणीबद्दल सांगितले. अन्ननलिकेचे आणि पोटाचे मिळून अकरा रुग्ण घेणार होते. संमतिपत्र बावीस पानांचे होते. तिने सगळी पाने वाचली आणि मला म्हणाली, "अहो, यात बरं होणार असं कुठे लिहिलंय का बघा बरं." मी पाहिले. कुठे नव्हते. तिने सही केली, साक्षीदार म्हणून मी केली.

नियम असा होता, की दर आठवड्याला वजन करायचे. सुरुवातीपेक्षा एक दशांशाहून जास्त घटले, तर औषध बंद आणि रुग्ण चाचणीतून बाहेर. ती चोपन्न किलो होती. म्हणजे अठ्ठेचाळीस किलो सहाशे ही शेवटची पायरी. वजनाची खोली फार गार असे. तिथल्या सिस्टरबाई तिला जाकीट घालूनच काट्यावर उभे करत आणि त्याचे अर्धा किलो वजा करत. बाई कनवाळू होत्या. त्यांचा यात काडीचाही दोष नाही.

चौथ्या आठवड्यात घरच्या काट्यावर तिचे वजन अठ्ठेचाळीस किलो चारशे भरले. घरचा काटा माझ्या हातचा आहे. त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. ती बराच वेळ खाली उतरली नाही.

"लोकांचे काटे सरळ करण्यात जन्म घालवलात," ती म्हणाली. "एकदा माझ्यासाठी वाकडं वागा."

"दवाखान्याच्या काट्याला मला हात लावता यायचा नाही."

"काट्याला कोण म्हणतंय? ते शिसं मला लावा."

ती हसली आणि हसताना तिला ठसका लागला. मी हसलो नाही. त्याच दुपारी शिसे ठोकून पातळ पट्ट्या केल्या. तिने अस्तर उसवून त्या आत शिवल्या. पहिल्या वेळी एक किलो होते. पुढच्या आठवड्यांत वाढवत गेलो. औषधाने तिची बोटे बधिर झाली तेव्हापासून मीच शिवत होतो. आजही अस्तर पाहिले तर कळते. तिचे टाके बारीक आहेत, माझे गोणपाट शिवल्यासारखे.

दवाखान्याचा जिना चढेपर्यंत जाकीट मी हातात धरत असे. खोलीच्या दाराशी तिला घालत असे. तिचे खांदे खाली जात, मग ती सरळ उभी राहत असे. आठव्या आठवड्यात ती पंचेचाळीस किलो नऊशे होती आणि जाकिटात तीन किलो चारशे शिसे होते. सिस्टरबाईंनी एकोणपन्नास किलो तीनशे लिहिले आणि म्हणाल्या, "छान, टिकून आहात."

औषध किलोमागे मोजून देतात. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. तीन किलो चारशे शिशाच्या वाट्याचे औषध तिच्या अंगात गेले. त्या डोसनंतर सहाव्या दिवशी ताप आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम उतरल्या. नवव्या दिवशी ती गेली.

डॉक्टरांना एक कागद भरायचा होता. त्यांनी मला विचारले, "शेवटच्या आठवड्यांत काही वेगळं जाणवलं होतं का? खाणं, वजन, काही?" मी म्हणालो, "नाही." जाकीट माझ्या मांडीवरच्या पिशवीत होते. मृत्यूचा औषधाशी संबंध, या ओळीसमोर त्यांनी 'सांगता येत नाही' असे लिहिले.

आता धाकटीला पोटाचा कॅन्सर आहे. त्याच औषधाच्या दुसऱ्या टप्प्यात तिला घेतले आहे. गुरुवारी सकाळी आठला तिचा पहिला डोस आहे. आज ती जाकीट मागायला आली होती.

"भाऊजी, ताईचं ते जाकीट द्या ना. तिथे फार गारठा असतो म्हणे."

"धुवायला टाकलंय."

"तीन आठवड्यांपूर्वी मागितलं तेव्हाही हेच म्हणालात. कोण धुतंय, तुम्ही का?"

मी काट्याचे पारडे पुसायला घेतले. तिला माझी सवय आहे, ती बोलत राहिली. "डॉक्टर म्हणाले, पहिल्या टप्प्यात वजनाला फारसा धक्का बसला नाही. ताईचं तर शेवटपर्यंत टिकलं होतं. म्हणून आता आमचं वजन महिन्यातून एकदाच करणार. दर आठवड्याचा हेलपाटा वाचला. ताई जाता जाता एवढं काम करून गेली बघा."

मी तिला चहा विचारला. ती म्हणाली, चहा उतरायला हल्ली वेळ लागतो, बस चुकेल.

अकरा वजनांत एक खोटे असेल तर बाकीच्या दहांचे काय होते, हे मला कोणी शिकवायला नको. धाकटीचे वजन झरझर उतरेल आणि महिनाभर कोणी पाहणार नाही. हे मी आज सांगितले, तर कदाचित चाचणीच थांबेल आणि तिचा गुरुवार जाईल. तिच्याकडे दुसरे औषध राहिलेले नाही. तिच्या बहिणीला बाहेर काढतील म्हणून मी जे केले, ते उघड केल्यामुळे ती बाहेर पडेल. सकाळपासून मी याच दोन गोष्टींमध्ये येरझारा घालतो आहे.

मला पोलिसांची भीती वाटते. मुलीला कळेल याची वाटते. डॉक्टर म्हणतील, एवढ्याने काही फरक पडला नसता, आणि ते खरे बोलत आहेत की माझ्या वयाकडे पाहून बोलत आहेत हे मला कधीच कळणार नाही, याची वाटते. मी तिला मारले का, हा प्रश्न मी चौदा महिन्यांत एकदाही पूर्ण लिहिला नव्हता. आज लिहिला.

कलम ६. वरील कलम माझ्या मरणापर्यंत थांबायचे नाही. ते मृत्युपत्रात घालून पाकीट बंद करायचे आणि मी गेल्यावर लोकांना वाचू द्यायचे, असाच माझा विचार होता. पण माझी तब्येत ठणठणीत आहे आणि धाकटीचा डोस परवा आहे.

म्हणून कलम ५ ची नक्कल करून मी ती वेगळ्या पाकिटात घातली आहे. उद्या सकाळच्या बसने मी स्वतः डॉक्टरांकडे जाणार आहे. सोबत जाकीट नेईन, न उसवता. पत्नीचे खरे वजन मी रोज पेन्सिलीने हत्यारांच्या कपाटाच्या दाराला आतून लिहीत होतो. ते सगळे आकडे उतरवून नक्कलेला जोडले आहेत. कोणाला खात्री करायची असेल, तर दार बिजागरीतून काढून न्यावे, चार स्क्रू आहेत. डॉक्टरांकडून निघाल्यावर मी धाकटीकडे जाईन.

नक्कलेचे पाकीट मी चावीवाल्याकडे ठेवत आहे. उद्या संध्याकाळी सहापर्यंत मी त्याला डॉक्टरांच्या सहीची पोच दाखवली नाही, तर त्याने गुरुवारी आठच्या आत ते दवाखान्यात द्यावे. मी ते परत मागायला आलो तर देऊ नये. मी बरे वाटत नाही म्हणेन, चूक झाली म्हणेन. तरीही देऊ नये.

कलम ७. जाकीट डॉक्टरांनी परत दिले आणि तरीही धाकटीने मागितले, तर शिसे काढून तिला द्यावे. मागितले नाही, तर तिला विचारू नये.

येणेप्रमाणे लिहिले ते खरे आहे. यातला एकही आकडा अंदाजाने टाकलेला नाही.

सही: वजनकाटेवाला
साक्षीदार १, सही: चावीवाला, शेजारचे दुकान
साक्षीदार २, सही: औषधांच्या दुकानातल्या बाई, समोरचे दुकान
ठिकाण: दुकानाची मागची खोली
दिनांक ११ नोव्हेंबर, दुपारी साडेतीन

सह्यांनंतरची नोंद. दोघांनीही मजकूर वाचला नाही. बाईंनी सही केली आणि म्हणाल्या, "दादा, रंग उतरलाय तुमचा, प्रेशर बघून घ्या," आणि गिऱ्हाईक आले म्हणून गेल्या. चावीवाला रेंगाळला.

"काय हो काटेवाले, मला काय ठेवलंय?"

"साक्षीदाराला काही ठेवता येत नाही."

"मग दुसऱ्या कुणाला तरी बोलवायचं होतं. त्या ड्रिलवर दहा वर्षं डोळा आहे माझा."

"माहीत आहे."

मी पाकीट त्याच्या हातात दिले. उद्याचे मी त्याला दोनदा सांगितले. "आणि तुम्हीच परत मागायला आलात तर?" त्याने विचारले. "देऊ नका," मी म्हणालो. त्याने पाकीट शर्टच्या आतल्या खिशात घातले आणि वरून हात दाबला.

तो गेल्यावर मी पेटीतले दोन किलोचे प्रमाण वजन चिमट्याने काट्यावर ठेवून पाहिले. काटा बरोबर होता. मग जाकीट घडी करून ठेवले. तीन किलो नऊशे. कपाटाचे दार उघडून, तिच्या शेवटच्या आकड्याखाली आजची तारीख घालून ते लिहिले. जाकीट पिशवीत घालून पिशवी दाराच्या कडीला अडकवली. काट्यावर कापड टाकले. सकाळचा चहा मोरीत ओतला आणि कप विसळून पालथा घातला.