न झाकता येणारा विस्तव

शेफील्ड, रविवार दुपार

प्रिय डेलियाताई,

तुला आणि तुझ्या दुखऱ्या गुडघ्यांना खूप प्रेम.

तुझा मेहुणा मॉर्टी बरा आहे. जिना चढवत नाही, म्हणून त्याचा पलंग खाली आणलाय, एवढंच. त्याला आपल्या गावाकडच्या घरासारखा विस्तव हवा होता. पण आमच्या भागात धुराला बंदी, म्हणून कमी धुराचा स्टोव्ह घेतला. तू आपल्या दलदलीतल्या पीटच्या जळाऊ विटा पाठवू नकोस. यात फक्त सुकं लाकूड चालतं.

दुकानदाराला मी विचारलं, "रात्री निखारे झाकून ठेवता येतील ना?"

"नाही हो बाई. याची हवा पूर्ण बंद होतच नाही. विस्तव कोंडला की धूर आलाच."

मॉर्टी म्हणाला, "घे गं. माझाच भाऊ दिसतोय, कोंडलं की खोकतो." आम्ही तिघंही हसलो.

निखाऱ्यांवर राख ओढताना आई संत ब्रिजिडचं नाव घ्यायची, आठवतं? आईच्या हयातीत आपली चूल कधी विझली नाही. तू अजून तो विस्तव राखतेस ना?

इथला विस्तव रोज विझतो. सकाळी उठले की आधी मॉर्टीचा श्वास ऐकते, मगच काडी ओढते.

तुझी धाकटी,
उना