आभारी आहे, बाई

भोकरदन,
२ डिसेंबर २०२४

चि. संध्या हिस शैलाअक्काचे प्रभूच्या नावात अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोन सोडून अक्का पत्र लिहायला बसली म्हणून हसशील. हसून घे. आमच्या दोन खोल्या. मी फोनवर यांच्याबद्दल बोलायला लागले की हे शेजारी येऊन बसतात आणि कोण आजारी आहे म्हणून काळजीनं विचारतात. मंग मला पुढं बोलवत न्हाई.

यांचं विसरणं लई वाढलंय. उन्हाळ्यात चष्मा विसरायचे, दिवाळीपासून मलाच विसरले. जालन्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, गोळ्यांनी आजाराची चाल मंदावेल, थांबणार न्हाई. मी कामाला ठेवलेली बाई आहे असं यांना वाटतं. पाणी दिलं की हात जोडतात आणि आभारी आहे, बाई, म्हणतात. आंघोळ घालताना लाजून टॉवेल घट्ट धरून बसतात. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस, सगळं गेलं आणि रीतभात तेवढी राहिली. कधी कधी वाटतं, एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी घरच्या माणसाला देतात.

त्यात चर्चच्या महिला मंडळानं नाताळच्या उपासनेत उपकारस्तुतीची साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांपुढं उभं राहून देवाचे आभार मानायला, माझं नाव घातलंय. मी काय बोलू? माझी अक्षता मस्कतहून रोज फोन करते, पण पोरीला यंदा सुटी मिळाली न्हाई. तूच सुचव काहीतरी. लहानपणापासून तुझं तोंड माझ्यापेक्षा जोरात चालतं.

उत्तर लवकर धाड. लोभ असू दे.

तुझी,
शैलाअक्का


अहिल्यानगर,
७ डिसेंबर २०२४

ती. अक्कास संध्याचा सप्रेम सलाम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि बराच वेळ स्वयंपाकाला उठले नाही. दाजी तुला बाई म्हणतात हे डोळ्यांपुढे येईना. आपल्याकडच्या प्रत्येक लग्नात सगळ्यांना नावानिशी ओळखणारा माणूस तो.

तू विचारलंस म्हणून सांगते, उपदेश समजू नकोस. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मीही देवावर रुसले होते. आमच्या पाळकसाहेबांनी सांगितलं, मोठं काही शोधू नका, रोज प्रार्थनेआधी एक लहानशी गोष्ट धरा आणि तिच्याबद्दल आभार माना. मी आधी तोंडदेखलं केलं, मग सवय लागली. तूही करून बघ. दाजींचे पाय अजून चालतात, त्यांना उचलावं लागत नाही, एवढं तरी धर. नाताळच्या दिवसांत मन कडू ठेवू नये, अक्का.

दुसरं लिहू की नको करत लिहिते. इथे आमच्या चर्चच्या मंडळींनी वृद्धांसाठी एक घर चालवलंय. असे आजारी सांभाळायला शिकलेली माणसं आहेत. नव्या वर्षात एक जागा रिकामी होणार आहे. माझ्या घरापासून जवळ आहे, तू माझ्याकडे राहशील. रागावू नकोस, नुसता विचार कर.

करंज्या करणार असशील तर माझ्या वाट्याच्या ठेव. कडा जळलेल्या असल्या तरी चालतील, तुझ्या नेहमी जळतातच.

आपली लाडकी आणि आगाऊ बहीण,
संध्या


भोकरदन,
१९ डिसेंबर २०२४

चि. संध्या हिस आशीर्वाद. वि. वि.

पाय चालतात म्हणून आभार मान, असं लिहिलं होतंस. काल त्याच पायांनी हे निघून गेले.

मी करंज्या तळत होते. कढई उतरवून बघते तर दार उघडं. गल्ली पाहिली, चर्च पाहिलं, बाजार पाहिला. शेजारच्या कचरूनं मोटारसायकल काढली. स्टँडवर एका कंडक्टरनं सांगितलं, हात जोडून तिकीट मागणारे एक म्हातारे सर राजूरला उतरले. काल चतुर्थी होती. राजूरला गणपतीच्या दर्शनाला एवढी गर्दी की उभं राहायला जागा न्हाई. त्या गर्दीत मी वेड्यासारखी प्रत्येक पांढऱ्या डोक्याचं तोंड बघत फिरले.

उन्हं कलल्यावर सापडले. नारळ विकणाऱ्या सगुणाबाई म्हणून आहेत, त्यांनी यांना खोक्यावर बसवून अंगावर स्वतःची शाल टाकली होती आणि आपल्या उपासाची साबुदाण्याची खिचडी खाऊ घातली होती. मी धावत जाऊन यांचा हात धरला. यांनी तो सोडवून घेतला. सगुणाबाईंना म्हणाले, या बाईंना मी ओळखत न्हाई.

माणसं जमली. कुणी म्हणालं, पोलिसाला बोलवा. संध्या, मी यांची बायको आहे हे मला त्या गर्दीत मोबाइलमधले फोटो दाखवून पटवावं लागलं. कचरूनं साक्ष दिली तेव्हा लोक हटले, तरी हे उठेनात. शेवटी सगुणाबाईंनी समजावलं, सर, जा, बाई चांगल्या घरची दिसती. मंग आले. निघताना त्यांचे आभार यांनी मानले. माझ्या तोंडातून शब्द फुटला न्हाई.

आता दाराला आतून कुलूप लावते आणि किल्ली कमरेला खोचते. हे दाराशी जाऊन कडी हलवतात आणि माझ्याकडे बघतात. चूक काय झाली, असं विचारल्यासारखं. मला हे होत न्हाई. आणि दुसरं काही करताही येत न्हाई.

त्या घरातली जागा धरून ठेव.

शैलाअक्का


अहिल्यानगर,
२२ डिसेंबर २०२४

ती. अक्कास संध्याचा सलाम. वि. वि.

जागा बोलून ठेवली. दोन तारखेला गाडी पाठवते. हा गुडघा नसता तर आजच निघाले असते.

साक्ष द्यायची नसेल तर देऊ नकोस. मंडळाला सांग, बरं नाही. देव काही तुझ्या भाषणासाठी अडून बसलेला नाही. मी आता काही सुचवत नाही, प्रार्थनेत नुसती तुझं नाव घेऊन बसते.

तुझीच,
संध्या


भोकरदन,
२७ डिसेंबर २०२४

चि. संध्या हिस शैलाअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

साक्ष दिली. मी सांगितलं, या आजाराबद्दल मला आभार मानता येत न्हाईत आणि वेदीसमोर मी खोटं बोलणार न्हाई. पण राजूरला एका बाईनं माझ्या माणसाला नाव-गाव न विचारता आपल्या घासातला घास दिला. त्या दिवशी मला बोलता आलं न्हाई, ते आज बोलते. एवढं म्हणून बसले. मागून एका म्हातारीनं तेवढं आमेन म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कचरूच्या बायकोला यांच्याजवळ बसवून मी करंज्यांचा डबा घेऊन राजूरला गेले. सगुणाबाईंनी आधी सर कसे आहेत ते विचारलं आणि मंग डबा घेतला. मी त्यांच्या शेजारी बसून पोटभर रडले. त्या गिऱ्हाईकाला नारळ देत राहिल्या आणि एक हात माझ्या पाठीवर ठेवला. मला बरं वाटलं असं लिहिणार न्हाई. मोकळं वाटलं. घरी आले तर कुलूप तसंच होतं आणि हे कडी हलवत होते.

आज यांची पिशवी भरली. कुठं जायचं म्हणून विचारलं. मी म्हटलं, नगरला, तिथं चांगली माणसं आहेत. बराबर, म्हणाले. खोलीत एक चक्कर मारली आणि माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, बाई, असं न सांगता जाता येणार न्हाई. शैला घरी आली की काळजी करत बसंल. तिनं माझं लई केलंय. जगाचे आभार मानले मी, घरचं माणूस म्हणून तिचे तेवढे राहून गेले. तुमची भेट झाली तर तिला एवढं सांगाल का?

मी म्हटलं, सांगते.

आता कुणाला सांगू, म्हणून तुला लिहिलं. येतो आम्ही दोघं. माया असू दे.

तुझी,
शैला