मोरपंखी चादर आणि ग्राफिक्स कार्ड

३ फेब्रु., मंगळ.
पुण्याच्या दुकानवाल्या बाईंनी चादरींचा गठ्ठा परत धाडला. "फोटोत निळी, हातात हिरवी! अजून एकदा बघते, नाहीतर राम राम." चूक त्यांची नाही. मोरपंखी आपल्या कॉम्प्युटरवर कायम निळीच दिसते. शिवाय एक फोटो सुधारायला घेतला की पडदा गोठतो, तेवढ्यात माझा चहा करून होतो. ग्राफिक्स कार्ड घ्यायचंच. यांना विचारलं. "घे की," म्हणाले. इतक्या पटकन? तब्येत बरी आहे ना?

४ फेब्रु.
कार्डांचे व्हिडिओ पाहिले. सगळे गेमवाले. चादरीबद्दल कोण चकार शब्द काढेल तर शपथ. मला लागतं काय, तर फोटो, लाइट बिल, लेकीचा अभ्यास, मामय्यांचे, म्हणजे सासऱ्यांचे, तेलुगू सिनेमे. त्यांची उभी हयात सूत रंगवण्यात गेली. कार्डाचं कानावर गेलंच. "रंगासाठी मशीन घेतीस व्हय? मी येतो."
झालं कल्याण.

५ फेब्रु., गुरु.
आपल्याच गावातली नवी पेठ, कॉम्प्युटरचं दुकान. मामय्यांनी पिशवीतून मोरपंखी सुताची लडी काढून काउंटरवर ठेवली. "ह्या शेडचं कार्ड दाखवा." धरणी पोटात घेईल तर बरं असं वाटलं. दुकानदार हसला नाही, भला माणूस. तीन पंख्यांचं मोठं कार्ड लावून माझा फोटो उघडला. मग छोटं लावलं. मामय्या दोन्ही वेळा लडी पडद्याला भिडवून. "दोन्ही निळेच की ओ!"
"आजोबा, कार्डानं काम पळतं. रंग बघायचा तर मॉनिटर आणि उजेड." फोटो कुठं काढता, म्हणाला. ट्यूबखाली.
मामय्या वळले. "ट्यूबखाली शेड बघतंय का कोण?" रंगाऱ्याची सून मी. आणि ट्यूबखाली!
छोटं कार्ड घेतलं, आपल्या कामाला भरपूर. वर चांगला मॉनिटर.

७ फेब्रु., शनि.
सकाळी गच्चीवर फोटो. चादर मामय्याच धरणार, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. मग कॉम्प्युटरवर घेतले. कार्ड कसलं पळतंय! मामय्या शेजारी खुर्ची टाकून. "अजून हिरवा. जरासा... बस्स बस्स! जास्ती झाला." लग्नाला सतरा वर्षं झाली, या माणसाशी एवढं कधी बोलले नव्हते. फार मजा आली.
फोटो पाठवले. बाई म्हणाल्या, एकच चादर धाडा, जुळली तर पुढचं.

११ फेब्रु., बुध.
पार्सल पोचल्याचा मेसेज आला. बाईंचा फोन नाही.
दुपारी मामय्या पडद्यासमोर एकटेच. फोटोतल्या चादरीवरून बोटं फिरवत होते, पोत बघतात तशी. मी दिसले तसे ओशाळले. मग दोघंही हसत सुटलो.
भाकऱ्या करून उठले तर मोबाइलवर पुण्याचा मिस्ड कॉल. हे म्हणतात, लाव की लगेच. नाही म्हटलं. मामय्या देवळातून येऊ देत, मग लावते.