सूर्यास्ताआधीच्या तीन गोळ्या

मस्तगड, जालना
श्रावण, १९५५

परममित्र काकासाहेब यांस, मुक्काम जाफराबाद,

किशनलालचा जयजिनेंद्र आणि रामराम. इकडे सर्व ठीक (म्हणजे दुकान ठीक, माझं पुढे वाचालच). वहिनींना नमस्कार. तुमच्या कपाशीवर कीड पडल्याचं ऐकलं, ते खोटं निघो.

तर माझा उजवा गुडघा. चातुर्मास लागला आणि तो असा सुजला की जैन स्थानकात व्याख्यानाला मांडी घालता येईना. खुर्ची मागावी तर महाराजसाहेबांच्या बरोबरीला बसल्यासारखं होतं, आणि भिंतीला टेकावं तर लोक म्हातारा म्हणतात. डॉक्टरांनी ॲस्पिरिनच्या गोळ्या दिल्या. सकाळी, दुपारी, रात्री, प्रत्येक वेळी जेवणानंतर. आता आमच्यात सूर्यास्तानंतर पाण्याचा घोटही चालत नाही, मग रात्रीची गोळी घ्यायची कशी? मी तोड काढली. तिन्ही गोळ्या सूर्यास्ताआधी एकदम! गुडघा गप्प झाला आणि मी पहिल्या ओळीत ऐटीत बसलो. पुढे तीन दिवसांचा उपवास धरला. फक्त उकळलेलं पाणी. पण गोळी इतकी बेचव की ते खाणं नव्हेच, असं मी माझ्यापुरतं ठरवलं आणि उपाशीपोटीही घेत राहिलो. पोटात आग पडली. गोळी दुखण्याचीच, आणि दुखतं तर पोटही, म्हणून आणखी एक घेतली. शेवटी दुकानात कापडाचं ठाण उलगडताना अंधारी आली आणि गिऱ्हाइकाच्या अंगावर कोसळलो. शौचाला डांबरासारखं काळं झालं होतं (माफ करा, पण डॉक्टरांनी आधी हेच विचारलं).

डॉक्टर भडकले. "शेठ, गोळीला गुडघ्याचा पत्ता ठावा न्हाई. रक्तातून सगळ्या अंगात फिरती. सूज उतरवती म्हणून ठणका थांबतो, पण पोटाचं अस्तर तीच सोलती. उपाशीपोटी बिलकुल न्हाई, मनानं जास्त न्हाई. काळं दिसलं म्हंजे आत रक्त वाहून राह्यलंय. गोळी बंद करायची अन् जल्दी इथं यायचं. रात्रीचं जमत न्हाई हे सांगितलं असतं, तर मीच दुसरी तोड काढली असती." गोळी बंदच केली त्यांनी. गुडघा पुन्हा सुजला, पण मी शहाणा झालो.

आपला,
किशनलाल

ता. क. पर्युषण जवळ आलं आहे, म्हणजे आठ दिवस उपवास आणि रोज व्याख्यानाला मांडी. तुमच्या गावच्या दवाखान्यातून ॲस्पिरिनची एक बाटली मोटारीच्या ड्रायव्हरकडे पाठवा. मुगाच्या पिशवीत खोल घाला, आमची सौ. सायरबाई वरवरच बघते. या वेळी दोनच एकदम घेईन.

ता. क. दुसरा. काकासाहेब भाऊ, हे मी सायरबाई लिहून राह्यले. मला मराठी वाचता येत न्हाई असं यांना वाटतं, म्हणून पाकिटाला डिंक लावायला माझ्याकडंच दिलं. मूग पाठवा, गोळी बिलकुल पाठवू नका. दुकानातून उचलून आणलं तवा यांनी डोळेच उघडले न्हाईत. मी लई भेले भाऊ. आता रोज सकाळी गुडघ्याच्या नावानं कुरकुर करत्यात, ती ऐकली की मंगच मी चूल पेटवते.