पितृपक्षातलं तिकीट

१४ जून १९९८, रविवार. कारेलीबाग

मीनलचा न्यू जर्सीहून फोन. डॉक्टरांनी १० ऑक्टोबर दिलीय. मी तिथल्या तिथे म्हटलं, मी येते. तर म्हणते, "आई, थांब ना जरा. शिरीषच्या आईंनापण यायचंय." घर लहान, एकच बेडरूम, म्हणून जावयांनी तोडगा काढलाय. दोघींनी तीन-तीन महिने वाटून घ्यायचे. जिला आधी स्वस्त तिकीट मिळेल ती आधी.

म्हणजे माझ्या लेकीच्या बाळंतपणाला कोण, ते विमानवाले ठरवणार! पहिलं बाळंतपण माहेरचं असतं. पोरीला इथे येता येत नाही, तर माहेरानं तिथे जायचं. यात ठरवण्यासारखं काय आहे? व्हिसे मात्र दोघींचे मेमध्येच झालेत. तिथेही बरोबरीत.

१७ जून, बुधवार

हे रावपुऱ्यात एजंटकडे जाऊन आले. हसमुखभाई नाव. संतापून परतले. विमान तेच, सीट तीच, आणि भाडं रोज निराळं! ह्यांची छत्तीस वर्षं रेल्वेच्या तिकीट खिडकीत गेली. "मुंबईचं भाडं सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरं, असं कधी झालं का?"

आता म्हणे यातली मेख शोधूनच काढणार. स्वयंपाकघरातलं कॅलेंडर ताब्यात घेतलंय. रोज दहाला हसमुखभाईंना फोन, मग चौकटीत आकडा. दुधाचे खाडे लिहायला मला जागा उरली नाही.

२ जुलै, गुरुवार

भाडं चढलं. मी म्हटलं, काढून टाका. "चढत्या भाड्यात कोणी तिकीट काढतं का?" परवा उतरलं होतं तेव्हा म्हणाले, अजून उतरेल. कॅलेंडर वाचायला शिकतायत आणि माझे दिवस जातायत.

पुण्याला विहीणबाई काय करतायत कोण जाणे. (यापुढे वि.बा. लिहीन. एवढं लांब रोज कोण लिहिणार.) त्यांचा भाचा कॉम्प्युटरवाला. घरबसल्या सगळी भाडी बघत असेल.

१९ जुलै, रविवार

मीनलचा फोन, सात मिनिटं. त्यात चार वेळा "आई म्हणाल्या". अळीव आत्तापासून नको, आई म्हणाल्या. डाव्या कुशीवर झोपायचं, आई म्हणाल्या. दर वेळी मला वाटतं, मी कधी म्हटलं? मग लक्षात येतं, त्या.

जळले. सरळ लिहिते, इथे कोण वाचतंय. वि.बा. वाईट असत्या तर सोपं होतं. यजमान जाऊन सहा वर्षं झाली, एकच मुलगा, तो तिकडे. लग्न झाल्यापासून मीनलला एका शब्दानं टोचलं नाही त्यांनी. माझी पोर त्यांना धरून राहते त्यात तिचं काय चुकलं? काही नाही. तरी जळते.

फोन ठेवता ठेवता म्हणाली, "दोघी एकदम आलात तरी चालेल गं. हॉलमधला सोफा उघडतो." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

८ ऑगस्ट, शनिवार

आज मीही गेले हसमुखभाईंकडे. चहा पाजला, इकडेतिकडे पाहिलं आणि मेख सांगितली. "बेन, श्राद्धमां कोई नीकळे नहीं. सीट खाली जाय, भाव बेसी जाय." अर्ध्या गुजरातचा प्रवास त्या पंधरा दिवसांत थांबतो, म्हणून भाडं उतरतं. आणि नवरात्र लागलं की थांबलेले सगळे एकदम निघतात. तेव्हा चढलेलं भाडं दिवाळीपर्यंत खाली येत नाही.

हे रस्ताभर खूश. परीक्षेत पहिले आल्यासारखे. घराजवळ आल्यावर आठवलं. "पण पितृपक्षात निघायचं? आणि आईची नवमी?"

सासूबाई सवाष्ण गेल्या. अविधवा नवमीला त्यांचं श्राद्ध, तेवीस वर्षं माझ्याच हातचं. यंदा नवमी पंधरा सप्टेंबरला. मी मनात मोजलं, सोळा, सतरा, अठरा.

१२ ऑगस्ट, बुधवार

हे लिहू की नको.

सकाळी पुण्याचा फोन. हे अंघोळीला. वि.बा. म्हणाल्या, "भाचा म्हणतोय आत्ताच काढून टाक. पण मीनल सांगत होती, तुमच्या ह्यांचा भाड्याचा चांगला अभ्यास झालाय. त्यांना विचाराल का? ते म्हणतील तसं करीन."

मी विचारलं नाही. म्हटलं, "हे म्हणतात नवरात्रापर्यंत थांबा. तेव्हा उतरतं. मधे पितृपक्ष, त्यात आपण कुठे निघतो?"

"तेही खरंच. बरं झालं विचारलं. फार आभार हं."

हे पंचा गुंडाळून बाहेर. "कुणाचा गं?" म्हटलं, राँग नंबर.

१३ ऑगस्ट

दोन पोळ्या करपल्या. त्यांनी आभार मानायला नको होते.

२५ ऑगस्ट, मंगळवार

गणपती बसले. आरतीत डोळे मिटून मागितलं, पोरीची सुखरूप सुटका होऊ दे आणि मी तिथे असू दे. खरं तर दुसरं मागणं आधी आलं तोंडात. पुन्हा डोळे मिटून नीट क्रमानं मागितलं. देवाला काय, पहिलंच ऐकू गेलं असणार.

७ सप्टेंबर, सोमवार

पक्ष सुरू. दहाचा फोन. भाडं धाडकन खाली, चार हजारांनी. जूनपासून एवढं कधीच नव्हतं. आणि आता तिकीट काढायला हेच कचरतायत! तीन महिने चौकटी भरल्या, उतरलं तर पंचांग काढून बसले. मी म्हटलं, सासूबाईंची नवमी करून निघते. पणतवंडासाठी जातेय, त्या आडव्या येणार नाहीत.

दुपारी तिकीट हातात. शुक्रवार अठराचं, मुंबईहून. सतराला रात्री गाडीनं मुंबई. शेजारीण "श्राद्धमां?" म्हणून गालाला हात लावून उभी. लाव म्हटलं.

मीनल फोनवर रडली, बरं वाटलं म्हणून. मग तिनं विचारलं, "आणि आईंचं काय झालं?" म्हटलं, त्या नवरात्रात बघणार आहेत.

१२ सप्टेंबर, शनिवार

मी गॅलरीत कपडे काढत होते. पुण्याचा फोन ह्यांनी घेतला. धावत आले तोवर उशीर झाला होता.

"मी? मी म्हणालो नवरात्रात उतरतं?" मग नुसतं ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "माझ्या सांगण्यात चूक झाली असेल. माफ करा."

भाच्यानं नवरात्रातली भाडी काढली. ऑगस्टच्या कितीतरी वर, आणि दहा ऑक्टोबरच्या आत सीटच नाही. मी निघतेय हे त्यांना मीनलकडून कळलंच होतं. ह्यांनी माझं खोटं स्वतःच्या डोक्यावर घेतलं. मला ओरडतील वाटलं होतं. एवढंच म्हणाले, "छत्तीस वर्षं खिडकीत बसलो. रांगेतल्या माणसाला चुकीची गाडी सांगितली नाही कधी."

जेवताना वरण वाढू का विचारलं, तर मान हलवली फक्त. बोलणं बंद आहे.

१५ सप्टेंबर, मंगळवार

नवमी झाली. खीर, वडे, गवारीची भाजी, सगळं नेहमीसारखं. सवाष्ण जेवून गेली. सासूबाईंच्या फोटोकडे मी फारसं बघितलं नाही.

दुपारी पुण्याहून कुरिअर. दुपटं. वि.बां.च्या यजमानांच्या जुन्या धोतराचं, दुहेरी, कडेला बारीक धावदोरा. एवढे बारीक टाके मला येत नाहीत. मी माझ्या नारायणपेठीचं शिवलंय. त्याचे टाके उसवून पुन्हा घालावेसे वाटले. आताही तेच सुचतंय मला!

बरोबर चिठ्ठी. "तुम्ही तिथे असाल म्हणजे मला घोर नाही. पहिल्या दिवशी बाळाला यात घ्याल का? आजोबांचं काहीतरी अंगाला लागेल. तुमच्या ह्यांना सांगा, मनाला लावून घेऊ नका, भाड्याचं कोणाला कळतं. मी उगाच पक्ष धरून बसले. तुम्ही निघालात तसं मीही निघायला हवं होतं."

चिठ्ठी दोनदा वाचली. ह्यांना दाखवली नाही.

१६ सप्टेंबर, बुधवार

सकाळी हे दोन्ही बॅगा रिक्षात घालून स्टेशनवर घेऊन गेले. पार्सल ऑफिसात ह्यांचे जुने सोबती आहेत, तिथल्या काट्यावर वजन. मोठी बॅग दीड किलो जास्त. "काय काढायचं ते तू ठरव." चार दिवसांनी बोललेलं पहिलं अख्खं वाक्य.

उघडून बसले. कालच मांडवीच्या बाजारातून आणलेला डिंक, लाडू, अळीव, मसाले. वर दोन दुपटी. ती काढून दीड किलो कमी होत नाही, हे मला कळतं. तरी हात तिथेच जात होता. शेवटी लाडवांचा एक डबा काढला.

तीनला हसमुखभाईंचा फोन, ह्यांना. अठराच्याच विमानात एक सीट सुटलीय, आमच्याच भाड्यात. भरूचच्या एका कुटुंबातल्या आजींनी ऐन वेळी श्राद्ध म्हणून पाय मागे घेतला. "तुमची कोणी सगीवाली असेल तर पाच वाग्या सुधी राखीश." म्हणजे पाचपर्यंत सीट धरून ठेवणार. ह्यांनी फोन ठेवला आणि हे सगळं मला शब्दन् शब्द सांगितलं. मग वर्तमानपत्र उघडून बसले.

पुण्याहून मुंबई फार तर पाच तास. व्हिसा आहे. सोफा उघडतो. पक्षाचं कारण त्यांनी स्वतःच चिठ्ठीत पुसून टाकलंय. एकही अडचण शिल्लक नाही. मी शोधून पाहिली.

त्या आल्या तर बाळाला आधी कोणाच्या हातात देतील? मीनल दुखताना कोणाला हाक मारेल? "आई गं" म्हणाली तर दोघी उठू. बावीस तास शेजारी बसून मला त्यांच्या तोंडाकडे बघावं लागेल, आणि सांगावंही लागेल. त्या "असू दे हो" म्हणतील. तेच मला सहन होणार नाही.

साडेचार. फोन करण्याआधी मन जरा स्थिर व्हावं म्हणून लिहायला बसले होते. दीड पान झालं.

पाचाला दहा कमी. हे वर्तमानपत्राआडून घड्याळाकडे बघतायत.

फोन वाजला. लांब रिंग, बाहेरगावचा. पुण्याचाच असणार, पार्सल पोचलं का विचारायला. हे उठलेत. मी म्हटलं, थांबा, मी घेते.